हातगिअरचा काटा

बन्सीधर झरीच्या ढोरदवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, लसी टोचायच्या, हे त्याचं काम. डॉक्टरांकडे आणखी दोन गावांचे दवाखाने होते, त्यामुळे माळावरच्या वस्त्यांना आणि मेंढरांच्या वाड्यांना दिसायचा तो बन्सीधरच. लोक त्याला सरळ दाक्तर म्हणायचे. सुरुवातीला तो प्रत्येकाला समजावून सांगायचा, की बाबांनो, मी दाक्तर न्हाई. मग त्याने ते सोडून दिलं.

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि त्याच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. तिच्यातली एक वीट कधीतरी निघाली होती, आणि त्या भोकातून त्याची बायको सगुणावहिनी कोथिंबिरीच्या काड्या, कधी ठेच्याची वाटी सरकवायची.

बन्सीधरचा डावा पाय लहानपणी तापात गेला होता. गुडघ्याखाली पाय हाताच्या मनगटाएवढा. चालताना तो डाव्या हाताने मांडी दाबून धरायचा आणि अंग पुढे फेकायचा. दवाखान्याच्या आवारात त्याचं काही अडत नसे. पण मेंढरं काही दवाखान्यात येत नाहीत. ती आज बोरीच्या माळावर, तर उद्या आणखी चार कोस पुढे. नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं तो एका भाड्याच्या तट्टावर बसून हिंडला. ते तट्टू म्हातारं होऊन मेलं, तेव्हा त्याला मोटारसायकल मिळाली.

ती गाडी इंग्लंडची, निजामाच्या राज्यात पोलीस खात्यात वापरलेली. फिरत फिरत ती येलदरीच्या धरणावरच्या एका मिस्त्रीकडे आली होती. मिस्त्री निवृत्त होऊन गावी निघाला, तेव्हा बन्सीधरने ती घेतली. एकोणऐंशी सालची गोष्ट. काळी, जड, बुटकी गाडी. लोक हसले. पण बन्सीधरने तिच्यात एक गोष्ट पाहिली होती, ती इतर कोणाच्या ध्यानात आली नव्हती. तिचा गिअर पायात नव्हता. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला एक दांडा होता, तो हाताने पुढेमागे सरकवायचा. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली होता. म्हणजे डाव्या पायाला त्या गाडीवर कामच नव्हतं.

राजदूत, येझदीचा गिअर डाव्या पायात. बुलेटचा उजव्या पायात, पण मग मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. स्कूटरचा गिअर हातात असतो हे खरं, पण स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि काळ्या रानातल्या गाडीवाटेत तिची ती छोटी चाकं रुतून बसली असती. परभणी जिल्ह्यात बन्सीधरला चालवता येईल अशी ही एकच मोटारसायकल होती असं म्हटलं तरी चालेल.

पाच वर्षं त्याने ती राखली. रोज संध्याकाळी अंगणात फडकं घेऊन बसायचा. लसीचा थर्मास मागे बांधून सकाळी निघाला, की त्याची पाठ ताठ व्हायची. गाडीवर बसलेल्या बन्सीधरला पाहून कोणी म्हटलं नसतं, की हा माणूस लंगडतो.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात, पोळा होऊन गेल्यावर, बोरीहून येताना दांडा एकदम सैल झाला. पुढे लोटा, मागे ओढा, काही नाही. बैलगाडीला दोर बांधून गाडी घरी आणली. बन्सीधरने गिअरची पेटी उघडली आणि काळ्या तेलातून दोन तुकडे काढून माझ्यापुढे धरले. आत गिअरची चाकं इकडून तिकडे सरकवणारा, दोन बोटांचा एक पिवळसर काटा असतो. तो मधोमध मोडला होता.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच, गुरुजी. पर ह्याच्याबिगर बाकी सगळं लोखंड हाय."

परभणीच्या दुकानांत त्याने तो तुकडा दाखवला. दुकानदार उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "राजदूतचं सांगा, येझदीचं सांगा, आत्ता काढून देतो." एकाने त्याला हैदराबादच्या जुन्या बाजाराचा पत्ता दिला. काचीगुड्याच्या गाडीने तो तिथे जाऊन दोन दिवस भंगारात हिंडला आणि रिकाम्या हाताने आला. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला एक गोष्ट मात्र सांगितली. विलायतेत जुन्या गाड्यांचं सामान विकणारे लोक असतात, पत्र घातलं तर पोस्टाने पाठवतात.

"गुरुजी, तुमी इंग्रजी लिवता," बन्सीधर म्हणाला. "माझ्यासाठी येक पत्र लिवा."

मला त्या कामाचा मोठा अभिमान वाटला, हे कबूल करतो. बारा वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवत होतो, पण इंग्लंडातल्या माणसाला पत्र कधी लिहिलं नव्हतं. हैदराबादच्या त्या मिस्त्रीने एका जुन्या मासिकाचं पान दिलं होतं, त्यावर एका विक्रेत्याचा पत्ता होता. शब्दकोश उघडून मी तीन वेळा मसुदा केला. काट्यावर बारीक आकडे ठोकलेले होते. ते भिंग लावून मी उतरवून घेतले आणि पत्रात दोनदा लिहिले.

नोव्हेंबरात उत्तर आलं. सामान आहे, अमुक रकमेचा ड्राफ्ट पाठवा. परदेशी ड्राफ्ट परभणीत निघत नव्हता. औरंगाबादला फॉर्म गेले, फॉर्म परत आले, पुन्हा गेले. जानेवारीत ड्राफ्ट रवाना झाला आणि आम्ही वाट बघू लागलो.

त्या काळात बन्सीधरचं काय झालं, ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो. सकाळी एसटीने फाट्यापर्यंत जायचं, तिथून माळावर पायी. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चा-बंदात एसटी उभी राहिली, की तेही नाही. संध्याकाळी पाय सुजून यायचा. सगुणावहिनी तेल गरम करून चोळायची, आणि तो दातावर दात धरून बसायचा. लसीला थंडावा लागतो. पूर्वी तो दीड तासात वाड्यावर पोचायचा, आता बर्फ वाटेतच पाणी होऊन जायचा. थर्मासमधला बर्फ वितळला, की ती लस टोचून उपयोग नसतो. एकदा अर्ध्या वाटेत त्याने थर्मास उघडला, बोट घालून बघितलं आणि तसाच माघारी फिरला. दोनशे मेंढरांची लस वाया गेली म्हणून त्याने स्वतःच डॉक्टरांना लिहून दिलं. कोणी विचारलंही नसतं.

जानेवारीच्या शेवटी कोंडाबाईच्या वाड्यावर एकोणीस कोकरं मेली. कोंडाबाई साठीची धनगर बाई, नवरा वारल्यावर मेंढरं स्वतः राखणारी. कोकरं हिरव्या ज्वारीत घुसली, पोटभर चरली आणि सकाळी आडवी झालेली सापडली. हिरवं एकदम जास्त खाल्लं, की कोकरांना असा आंत्रविषार होतो; त्या रोगाची लस असते. ती डिसेंबरात टोचायची होती. बन्सीधर पोचू शकला नव्हता.

तो बातमी कळताच गेला. रात्रभर थांबून उरलेल्या कोकरांना औषध पाजलं. परत आला तो माझ्या ओट्यावर बसला.

"गुरुजी, माझा अर्ज लिवा."

"कसला अर्ज?"

"परभणीला टेबलाचं काम मागतो. कागदं चढवायची, शिक्के मारायचे. माझ्या जागी धड पायाचा माणूस येऊ द्या हितं."

मी म्हणालो, पार्सल येऊ दे, मग बघू. त्याने मान हलवली, पण महिन्याभराने पुन्हा विचारलं. मार्चमध्ये तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी अर्ज लिहून दिला. त्याने तो सही करून दिनदर्शिकेच्या मागे खोचून ठेवला. "पार्सल आलं न्हाई तर मे म्हैन्यात देतो," म्हणाला. सगुणावहिनीने त्या दिवशी भिंतीच्या भोकातून काहीच सरकवलं नाही. परभणीला जायचं म्हणजे तिची शेळी, तिचा वाफा, सगळं सुटणार होतं. पण नवऱ्याचा पाय तीच रोज बघत होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. मुंबईच्या कस्टममधून, तीन शिक्के आणि दोन पावत्या घेऊन. बन्सीधरने दोरी कापली नाही, गाठ सोडवली. आत मेणकागद, मेणकागदात भुसा आणि भुशात चकचकीत नवा काटा. आम्ही तिघं बघत राहिलो. मग त्याने मोडक्या काट्याचे दोन तुकडे जोडून शेजारी ठेवले.

नव्याची बोटं अर्ध्या इंचाने आखूड होती, आणि वाक उलट्या बाजूला.

पार्सलमधल्या चिठ्ठीवरचा आकडा मी पाहिला. माझ्या पत्रात होता तोच. मी मोडका तुकडा उचलला, रॉकेलमध्ये फडकं भिजवून घासला आणि उन्हात धरला. मी सात वाचला होता तो सात नव्हता. एक होता. आकड्याच्या डोक्यावर जुन्या वंगणाची एक रेघ साचून बसली होती.

"बन्सीधर," मी म्हणालो, "चूक त्यांची नाही. माझी आहे."

माझे कान तापले होते. सात महिने हा माणूस माझ्या त्या पत्रावर विसंबून माळावरून पाय ओढत हिंडला होता.

त्याने तुकडा माझ्या हातातून घेतला, आकडा बघितला. मग म्हणाला, "भिंगातून मी बी बघितलता, गुरुजी. मला बी सातच दिसला. आता तोंड लपवून बसू नका. च्या घ्या."

सगुणावहिनीने चहा ठेवला, पण कोणालाच तो गोड लागला नाही. नवं पत्र, नवा ड्राफ्ट, पुन्हा सात महिने. दिनदर्शिकेच्या मागचा अर्ज आम्हा तिघांच्याही डोळ्यांपुढे होता.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. कोंडाबाई मीठ-मिरची घ्यायला आली आणि सवयीने बन्सीधरच्या अंगणात टेकली. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. कोकरं मेल्यापासून असंच चाललं होतं. तिने मात्र त्याला एका शब्दाने दोष दिला नव्हता.

"दाक्तर, गाडी कवा नीट व्हायलीय?"

"न्हाई व्हायली, कोंडाबाई. विलायतेचा माल चुकीचा आला."

पोत्यावर दोन्ही काटे मांडून ठेवले होते. तिने मोडका तुकडा उचलला, तळहातावर तोलला, नखाने खरवडला.

"हे तर पितळंवानी दिसायलंय."

"काशा-पितळंचीच जात हाय."

"मग विलायतेला कशापायी गेलते?" कोंडाबाई म्हणाली. "माझ्या मेंढरांच्या घंट्या ओततो, त्यो चारठाण्याचा ग्यानबा ओतारी काय मेलाय व्हय?"

बन्सीधर माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. परभणी झाली, हैदराबाद झालं, इंग्लंड झालं. तीस-पस्तीस मैलांवरच्या चारठाण्याचं नाव आम्हाला सुचलं नव्हतं. मोटारसायकलचं सामान म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक; तीही कोणीतरी ओतलेली असते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोन दिवसांनी शाळेला सुट्टी होती. आम्ही जिंतूरला जाऊन चारठाण्याची एसटी धरली. जुन्या देवळांमागच्या गल्लीत ग्यानबाची भट्टी होती. सत्तरीचा, उघड्या अंगाचा माणूस, भुवया भट्टीने जळून विरळ झालेल्या. त्याने तुकडा ऐरणीवर टाकला आणि कान लावला.

"वाजत न्हाई," तो म्हणाला. "बेस हाय."

"वाजायला पाहिजे का?" मी विचारलं.

"घंटा वाजाया पायजे, मास्तर. घंटेच्या धातूत कथील जादा असतंय, म्हून ती वाजती आन् पडली की फुटती. ह्याला मार खायाचा हाय. ह्याला तांबं जादा लागंल. मोटारपंपातला जुना बुश आना, दांडा फिरतो ती नळी, जाड असंल त्यो. तीच धातू ह्याला चालती."

बन्सीधरचा चेहरा बदलला. सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तो तुकडा हातात घेऊन "हे कुठे मिळेल" असं न म्हणता "हे कसं करायचं" म्हणत होतं. तो तसाच परत जिंतूरला गेला आणि भंगारातून दोन बुश घेऊन दुपारी आला. तोवर ग्यानबाने ज्वारीच्या काडीने आणि दोऱ्याने काट्याची मापं घेऊन मेणाचा तसाच काटा घडवला होता. मोडक्याहून किंचित जाड.

"थंड व्हताना धातू अंग चोरती," त्याने सांगितलं. "उरलं तर कानसीनं घासू."

मेणाच्या काट्यावर माती, शेण आणि भुशाचं लिंपण चढलं. ते वाळायला दोन दिवस गेले. आम्ही झरीला येऊन पुन्हा गेलो. साचा भट्टीत तापला, मेण वितळून वाहून गेलं आणि त्या पोकळीत ग्यानबाने बुशाचा वितळलेला धातू ओतला. थंड झाल्यावर माती फोडली. आत काटा होता, खडबडीत, काळपट, पण हुबेहूब. बन्सीधरने हात पुढे केला.

ग्यानबाने दिला नाही. त्याने हातोडीच्या टोकाने काट्यावर हळूहळू ठोकत नेलं. मुळाशी आल्यावर तो थांबला. तिथेच पुन्हा ठोकलं.

"आत पोकळ ऱ्हायलंय."

"दिसत तर न्हाई," बन्सीधर म्हणाला. "चालंल की, काका."

"चालंल. आन् माळावर मोडंल. मग तू लंगडत येशील का मी येऊ तुला आनायला?"

आणि त्याने जोरात घाव घालून काटा फोडला. मुळाशी खरंच हरभऱ्याएवढा फुगा होता. मला वाटलं बन्सीधर खचेल. पण तो त्या फुग्याकडे बघून चक्क हसला. "काका, आमाला चुकायला सात म्हैने लागले, तुमी दोन दिसात चुकून दावलं," म्हणाला. ग्यानबाही हसला आणि त्याने पुन्हा मेण घेतलं.

दुसऱ्या वेळी काटा भरीव निघाला. ग्यानबाने तो ठोकून बघितला, पुन्हा ठोकून बघितला, आणि मग बन्सीधरच्या हातावर ठेवला.

जिंतूरला पंडित नावाच्या कारागिराचं लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, होतं. पेटीतल्या ज्या दांड्यावर काटा सरकतो, त्या दांड्यासाठी काट्याला भोक पाडायचं होतं, पण मोडक्या काट्याचं भोक झिजून मोठं झालेलं. नेमकं माप कुठून आणायचं? बन्सीधरने पिशवीतून विलायतेचा नवा काटा काढला. बोटं वेगळी असली, तरी भोक त्याच दांड्याचं होतं. पंडितने आपलं मापाचं यंत्र त्या भोकात लावलं, आकडा वाचला आणि म्हणाला, "हे लय कामाचं झालं बघा. ह्याच्याबिगर मी अंदाजानं पाडलं असतं."

माझ्या छातीवरचं ओझं निम्म्याने उतरलं. निदान माझ्या पत्राने एक भोक तरी बरोबर पाडलं होतं.

रविवारी सकाळी बन्सीधरने पेटी बंद केली, तेल ओतलं आणि किक मारली. इंजिन बडबडायला लागलं. दांडा पहिल्यावर, दुसऱ्यावर. तिसऱ्यावर अडला. त्याने गाडी बंद केली, पेटी पुन्हा उघडली, कानसीचे चार हात मारले, पुन्हा बसवलं. सगुणावहिनी दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि आवाज दूर जात जात ऐकू येईनासा झाला.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. "पुन्यांदा मोडलं वाटतं," वहिनी म्हणाली आणि ओट्यावर बसली. मी सायकल काढायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तो आवाज आला. बन्सीधर बोरीला जाऊन आला होता. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, "थांबूच वाटंना." त्याचे डोळे लाल झाले होते. धुळीने असतील. तो घरात गेला, दिनदर्शिकेमागचा अर्ज काढला आणि वहिनीकडे दिला. तिने चूल पेटवायला घेतला.

मिरगाच्या आधी सगळ्या वाड्यांवर लस टोचायची होती. सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून मीही मागे बसून जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी कोंडाबाईचा वाडा आला. दीड तासात पोचलो. बन्सीधरने थर्मास उघडून आत बोट घातलं आणि मला बघायला लावलं. बर्फाचे खडे अजून एकमेकांवर वाजत होते.

दीडशेच्या वर मेंढरं होती. मी एकेक धरायचो, कोंडाबाई कान पकडायची, तो टोचायचा. मेंढरू धरायला वाटतं तेवढं सोपं नाही. माझं धोतर दोन ठिकाणी फाटलं. शेवटचं कोकरू झाल्यावर कोंडाबाईने सुईकडे बघून विचारलं, "आता न्हाई ना मरत?"

"न्हाई," बन्सीधर म्हणाला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "ह्या रोगानं न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली. तिने भाकरी, कांदा आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. जेवण झाल्यावर बन्सीधर बाभळीच्या सावलीत घोंगडीवर आडवा झाला, आणि मी काही बोलायच्या आत घोरायला लागला. सप्टेंबरपासून भर दुपारी तो असा झोपलेला मी पाहिला नव्हता. मी त्याला उठवायला वाकलो, अजून एक वाडा बाकी होता. कोंडाबाईने मला हाताने मागे सारलं.

"निजू द्या घटकाभर," ती म्हणाली. "गाडी हाय आता. पोचताल."